गुडघ्यासाठी निरगुडीचं तेल: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते, तपशील मागून. निरगुडीच्या तेलानं माझ्या गुडघ्यांचा सकाळचा ताठरपणा खूप कमी झाला, रात्रीची झोप परत आली आणि रोज लागणारी दुखण्याची गोळी आता कधीमधीच घ्यावी लागते. झिजलेला सांधा मात्र भरून आलेला नाही. तो कुठल्याच तेलानं भरून येत नसतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एक सांगून दुसरी लपवणाऱ्यांचा आपल्याकडे सुळसुळाट झालाय, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

मी औसा तालुक्यातली. वय चोपन्न. सोयाबीनची खुरपणी, ज्वारीची काढणी, सगळं आयुष्य उकिडवं बसण्यात गेलं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला अशी वेळ आली की सकाळी अंथरुणातून उठताना भिंत धरावी लागायची. एक्स-रे काढला. सांध्यातली फट कमी झालीय, झीज मध्यम आहे, ऑपरेशनची वेळ आलेली नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या, मांडीचे व्यायाम शिकवले, वजन उतरवायला सांगितलं. गोळीनं दुखणं थांबायचं, पण रोज घेतली की पोटात जळजळ. डॉक्टरांनीच बजावलं होतं की या गोळ्या वर्षानुवर्षं रोज घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना त्रास होतो.

सासूबाईंना हे तेल काढता येतं. आमच्या ओढ्याकाठी निरगुडी माजलेली आहे. गुरं-शेळ्या तिला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून बांधावर कुंपणालाही लावतात. एका देठाला तीन किंवा पाच पानं, वरून हिरवी, खालून पांढुरकी, निळसर-जांभळा तुरा आणि पान चुरगाळलं की नाकात शिरणारा उग्र वास. पूर्वी धान्याच्या कणगीत किडीसाठी हीच पानं टाकायचे.

आता तेल कसं काढायचं ते नीट सांगते, कारण इथंच बहुतेकांचं बिनसतं. पानं तेलात तळून गाळली की झालं, असं मोबाईलवर दाखवतात. तसं नसतं. आयुर्वेदात तेल सिद्ध करायचं ठरलेलं प्रमाण आहे: कल्क (म्हणजे पानांचं वाटण) एक भाग, तेल चार भाग, काढा किंवा रस सोळा भाग. म्हणजे अर्धा लिटर तिळाच्या तेलाला सव्वाशे ग्रॅम वाटलेली पानं आणि दोन लिटर काढा. काढ्यासाठी दोन किलो ताजी पानं आठ लिटर पाण्यात उकळायची आणि पाणी दोन लिटरवर आणायचं. मग तेल, काढा आणि वाटण एकत्र करून मंद जाळावर ठेवायचं. भांडं खोल आणि मोठं घ्या. पाणी आणि तेल एकत्र उकळताना फेसाळून वर येतं आणि उतू गेलं तर थेट आगीत पडतं. दुपारी चुलीवर चढवलेलं तेल उतरवायला आमच्याकडं संध्याकाळ होते. सासूबाई पूर्ण वेळ पाटावर बसून उलथनं फिरवत असतात. "जाळ वाढवू नको गं, खाली लागलं की सगळं वाया," हे त्यांचं पालुपद.

तेल झालं हे ओळखायच्या खुणा त्यांनी मला हाताला धरून शिकवल्या. तळाचा थोडा कल्क काढून बोटांत वळायचा. सुरुवातीला तो बोटांना चिकटतो, सुटतो, वळला जात नाही. पाणी आटत आलं की त्याची वात वळायला लागते. ती वात विस्तवावर धरायची. तडतडली तर पाणी अजून आत आहे. गप्प जळली तर तेल तयार. त्याच सुमारास तेलावर बारीक फेस येतो. अशा वेळी लगेच उतरवायचं, कोमट असतानाच कापडातून गाळायचं आणि कोरड्या काचेच्या बाटलीत भरायचं. पाण्याचा अंश राहिला तर तेलाला वास मारतो, वर बुरशी धरते. नीट उतरलेलं तेल हिरवट काळपट दिसतं आणि आमच्याकडं महिनोन्‌महिने टिकतं.

लावायची पद्धत: रात्री जेवणानंतर तास-दीड तासानं तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करते. मांडीवर आणि पिंढरीवर लांब हात, गुडघ्यावर गोल. जोर लावायचा नाही. मग पाण्यात निरगुडीची पानं उकळून त्या पाण्यात फडकं पिळायचं आणि दहा-पंधरा मिनिटं शेकायचं. शेकाशिवाय नुसतं तेल लावलं तर गुण निम्माच वाटतो, असा माझा अनुभव.

लगेच फरक पडला का? शेकल्यावर तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, ते कोणत्याही शेकानं वाटतं. खरा बदल श्रावण संपता संपता जाणवला. रात्री कूस बदलताना जाग येईनाशी झाली. दिवाळीत किल्ला करायला नातवाबरोबर अंगणात बसले. आणि येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, रानात कडब्याच्या खोपीपुढं पंगतीला मांडी घालून बसले, आंबील प्याले, भज्जी-उंडे खाल्ले आणि कुणाचा हात न धरता उठले. आदल्या वर्षी मला खुर्ची आणून दिली होती आणि सगळे खाली बसलेले असताना मी एकटी वर. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको, येळवशीला मातीत बसता न येणं किती जिवाला लागतं.

पण हे एकट्या तेलाचं यश म्हणणं अन्यायाचं होईल. तेल लावून शेकल्यावर गुडघा मोकळा व्हायचा आणि त्या मोकळ्या वेळात मी व्यायाम करायची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि मांडी आवळून धरायची. उताणं पडून पाय सरळ ठेवून उचलायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा भार ते उचलतात, म्हणून झिजेच्या गुडघेदुखीत व्यायाम हा सगळ्यात भरवशाचा उपाय मानला जातो. वजनाचंही तसंच. एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. माझं थोडं उतरलंय, अजून उतरायला हवं.

उन्हाळ्यात घरात लग्न होतं. त्या धावपळीत व्यायाम पार बंद पडला, तेल मात्र चालू होतं. जिना चढताना कळ परत आली. पुढं एकदा तेल संपलं आणि पानं आणायला कुणाला सवड झाली नाही, तेव्हा व्यायाम चालू होता. जिना चढता येत होता, पण सकाळी पाय लाकडासारखे. त्यावरून माझा हिशेब असा: ताठरपणा आणि झोप हे तेल-शेकाचं काम, बळ हे व्यायामाचं.

गैरसोयीही आहेत. वास उग्र, नातवंडं जवळ येत नाहीत. चादरीला हिरवे डाग पडतात ते जात नाहीत, मी एक जुनं लुगडंच त्यासाठी ठेवलंय. आणि न्हाणीघरात फरशीवर तेलकट पाय घसरतो. गुडघा सांभाळायला निघायचं आणि खुबा मोडून घ्यायचा, असं नको. बेसन लावून पाय पुसूनच आत जा.

हे तेल कुणी लावू नये, ते माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या शेजारणीच्या हाताची बोटं सकाळी आखडायची, सांधे सुजून गरम लागायचे, अंगात कणकण. तिनं माझं बघून तेल लावलं तर सूज वाढली. तिला आमवात निघाला, रक्ताच्या तपासणीत दिसला. आमवातात तेल चोळू नये, कोरडा शेक द्यावा, वाळूची पुरचुंडी तापवून, असं आयुर्वेदच सांगतो. त्या आजारात वेळेवर औषध नाही घेतलं तर सांधे वाकडे होतात, म्हणून ती आता तज्ज्ञांकडं जाते आणि बरी आहे. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल तर गरम शेक देऊ नका, कातडी भाजली तरी कळत नाही. एकच पिंढरी अचानक सुजून दुखत असेल तर चोळू नका, आधी दवाखाना गाठा. तिथं रक्ताची गुठळी असू शकते.

आणि पुड्या. गावोगाव फिरून "सात दिवसांत गुडघे मोकळे" म्हणत विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांना हात लावू नका. आमच्या एका नातेवाइकानं त्या खाल्ल्या. दोन दिवसांत पळायला लागले, महिन्याभरात तोंड सुजलं, साखर चढली. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं डॉक्टरांना नवी नाहीत, आणि बरेच दिवस घेतल्यावर ते एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवावं लागलं. आयुर्वेदिक औषधाच्या डब्यावरही घटक, परवाना क्रमांक, बॅच आणि उत्पादकाचा पत्ता असावा लागतो. हे नसेल तर ते औषधच समजू नका.

घरी तेल काढणं जमणार नसेल तर नांदेडला आणि धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, तिथल्या रुग्णालयात दाखवता येतं. माझी बहीण नांदेडला जानुबस्ती घेऊन आली. उडदाच्या पिठाची कणीक मळून गुडघ्याभोवती आळं करतात, त्यात सोसवेल इतकं गरम तेल ओततात, निवलं की कापसानं टिपून परत गरम घालतात. तिला माझ्यापेक्षा लवकर आराम पडला. पण व्यायाम ती करत नाही आणि तिचं दुखणं परत फिरून येतं. त्यावरून आमची फोनवर दर आठवड्याला वादावादी होते.

माझी गोळी पूर्ण सुटलेली नाही. मळणीची रास किंवा लग्नकार्य असलं की लागते, आणि ती घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. बीपीची गोळी तर एक दिवसही चुकवत नाही, तिचा या तेलाशी संबंध नाही.

निरगुडी फांदीपासून लागते. मृगाचा पाऊस झाला की वीतभर लांबीची जाडसर काडी बांधावर खोचायची, पहिल्या वर्षी थोडं लक्ष द्यायचं, पुढं ती कुणाला विचारत नाही. औशाच्या आसपासच्या कुणाला काड्या हव्या असतील तर आमच्या ओढ्यावरून खुशाल तोडून न्या, फक्त मुळापासून उपटू नका.