विंडोज ११ ने नाकारलेल्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : घरच्या वापरातून बनलेलं मत

आधी मत सांगतो, मग बाकीचं. घरात सात-आठ-दहा वर्षं जुना लॅपटॉप असेल, विंडोज १० वर चालणारा, आणि विंडोज ११ साठी तो पात्र नाही असं त्याने स्क्रीनवर सांगून झालं असेल, तर तो भंगारात काढायच्या आधी किंवा ओएलएक्सवर मिळेल त्या भावाला फुंकून टाकायच्या आधी त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, टाकून बघा. आमच्याकडे वडिलांचा लॅपटॉप पूर्ण मिंटवर आहे आणि भाचीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि मिंट दोन्ही आहेत, आणि हे दोन्ही रोजच्या वापरात बघून माझं असं मत झालंय की घरगुती कामाला फुकटात मिळणाऱ्या सिस्टीममध्ये ही सगळ्यात नीट आहे. तीन ठिकाणी अडतं, प्रिंटर, जुन्या फाँटमधलं मराठी, आणि टॅलीसारखी ठराविक सॉफ्टवेअर. ते पुढे सविस्तर लिहितो कारण टाकण्याआधी तेच तपासायला पाहिजे.

पार्श्वभूमी बहुतेकांना माहीत असेल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरणाऱ्यांना वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळते, त्यानंतर काही नाही. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा पाहिजे. म्हणजे पाचव्या-सहाव्या-सातव्या जनरेशनचे आय३ आय५ वाले लॅपटॉप, जे आजही व्यवस्थित चालतात, ज्यांची स्क्रीन चांगली आहे कीबोर्ड चांगला आहे, ते एका फटक्यात बाद. रूफस (पेनड्राइव्हवर सिस्टीम चढवणारं छोटं सॉफ्टवेअर) वापरून ही अट वगळून विंडोज ११ टाकता येतं हे खरंय आणि गल्लीतला रिपेअरवाला तेच करून देईल, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, त्यामुळे ज्या लॅपटॉपवर बँकेचं लॉगिन होतं त्यावर मी तरी ते करणार नाही.

मिंट २००६ मध्ये क्लेमां लफेव्र या माणसाने सुरू केलं, आज ते उबुंटू या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमच्या पायावर उभं आहे, आणि सध्याच्या २२ च्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मिळतं तीन रूपांत, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. आठ जीबी रॅम असेल तर डोळे झाकून सिनॅमन घ्या, चार जीबी असेल तर एक्सएफसीई. साइटवर किमान दोन जीबी रॅम लिहिलंय पण त्यावर जाऊ नका, सिस्टीम सुरू होईल हो, पण क्रोममध्ये यूट्यूब आणि जीमेल आणि बँक एकदम उघडलं की दोन जीबी कुणालाच पुरत नाही, तिथे मिंट काही जादू करू शकत नाही. आणि अजून एक, लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर आधी ती काढून साधी साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. जुना लॅपटॉप मिंटमुळे "पळायला लागला" असं लोक सांगतात त्यातला निम्मा वाटा एसएसडीचा असतो हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. वडिलांच्या लॅपटॉपला दोन्ही केलं आणि आता बटण दाबल्यावर चहा टाकायला जायची गरज पडत नाही.

टाकायची पद्धत सोपी आहे. साधारण तीन जीबीची फाइल डाउनलोड करायची, एचर किंवा रूफसने पेनड्राइव्हवर चढवायची आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा. इथे मिंटची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते, की काहीही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच पूर्ण सिस्टीम चालते आणि आतल्या विंडोजला हात लागत नाही. तेव्हा घाई करू नका, त्याच अवस्थेत वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का, ब्लूटूथ जोडलं जातंय का, आणि मुख्य म्हणजे घरातला प्रिंटर कागद बाहेर काढतोय का हे सगळं बघून घ्या. पेनड्राइव्हवरून थोडं हळू चालतं त्यावरून वेगाचा अंदाज करू नका. विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकायचं असेल तर आधी फोटो कागदपत्रं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर मिंटमधून विंडोजची ड्राइव्ह फक्त वाचता येते, तिच्यात काही सेव्ह होत नाही आणि माणूस उगाच गोंधळतो. फाइल डाउनलोड मात्र मिंटच्या अधिकृत साइटवरूनच करा आणि चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) जुळवून बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये हॅकरांनी मिंटच्या साइटवरची लिंक बदलून लोकांना बिघडवलेली फाइल दिली होती, मिंटवाल्यांनी ते स्वतः लगेच जाहीर केलं, पण तेव्हापासून मी हे पाच मिनिटांचं काम टाळत नाही.

वापरायला कसं आहे तर खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. वडिलांना काही शिकवावं लागलं नाही, फायरफॉक्स कुठे आहे आणि फाइली कुठे आहेत एवढं दाखवलं. काळ्या पडद्यावर कमांड टाइप कराव्या लागतात ही भीती लोकांच्या मनात अजून आहे पण घरगुती वापरात त्याची गरज पडत नाही, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून व्हीएलसी वगैरे जे पाहिजे ते शोधून इन्स्टॉल करायचं. व्हॉट्सॲपचं लिनक्ससाठी अधिकृत ॲप नाही, पण मिंटमध्ये वेब ॲप्स नावाचं छोटं टूल आहे त्याने व्हॉट्सॲप वेबची स्वतंत्र खिडकी आणि मेनूत आयकॉन बनवता येतो, वडिलांना ते ॲपच वाटतं आणि खरं सांगायचं तर वापरात काही फरकही नाही. अपडेट आली की कोपऱ्यातल्या ढालीच्या चिन्हावर छोटा ठिपका येतो, तुम्ही म्हणाल तेव्हा ती बसतात, काम चालू असताना मशीन आपणहून रिस्टार्ट होत नाही. मेनूत जाहिराती नाहीत, खातं उघडा म्हणून मागे लागत नाही. आणि टाइमशिफ्ट, हे पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा, ते सिस्टीमची नोंद ठेवतं आणि एखाद्या अपडेटनंतर काही बिनसलं तर कालच्या स्थितीत परत नेतं. तुमचे फोटो-फाइलींचा बॅकअप मात्र ते घेत नाही, तो वेगळा घ्यावाच लागतो.

आता मराठी. मला यावरच जास्त लिहायचंय कारण लिनक्सची परीक्षणं वाचताना हे कुणी लिहीत नाही आणि आपल्याकडे बरेच जण याच कारणाने परत फिरतात. युनिकोड मराठी, म्हणजे आजकाल वेबवर आणि फोनवर चालतं ते, दिसायला काही करावं लागत नाही, बातम्यांच्या साइट, पीडीएफ, व्हॉट्सॲप सगळं पहिल्यापासून नीट दिसतं. टाइप करायला कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (मराठीचा प्रमाणित कीबोर्ड लेआउट) जोडला की झालं, भाषा बदलायची कळही आपल्या सवयीची ठेवता येते. वडील शाळेतून निवृत्त झालेत आणि इनस्क्रिप्ट बोटांत बसलेला आहे, ते सोसायटीची पत्रं, सभेची इतिवृत्तं यावरच लिहितात, शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो त्यामुळे "दुसऱ्या", "वाऱ्यावर" असे शब्दही सरळ येतात. इनस्क्रिप्ट न येणाऱ्यांसाठी कगप नावाचा उच्चारावर चालणारा लेआउटही तिथेच यादीत आहे. पण ज्यांना इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायची सवय आहे, म्हणजे गुगलच्या पद्धतीने "mi" लिहिलं की मी आणि "ahe" लिहिलं की आहे, त्यांना थोडा त्रास होईल. आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करायचं टूल) आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज टाकलं की आयट्रान्स पद्धत मिळते, पण ती अंदाज करत नाही, नियमाने चालते, ऱ्हस्व दीर्घ तुम्हालाच बरोबर द्यायला लागतं, पुढचा शब्द सुचवत नाही. सवय झाली की माझ्या मते लिखाण जास्त शुद्ध होतं, पण ती सवय व्हायला वेळ जातो, आणि फोनच्या कीबोर्डवर वाढलेल्या मुलांना तेवढा धीर नसतो.

लिबरऑफिसमध्ये (मिंटमध्ये एमएस ऑफिसच्या जागी असतं ते) एक सेटिंग नक्की करा, भाषांच्या पर्यायात जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची भाषा मराठी ठेवा. हिंदी राहिली तर ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचा श आणि ल दिलेला असतो त्यातही हिंदी वळणाचीच अक्षरं येतात, आणि मराठी माणसाला पत्रिकेत किंवा पत्रात ते खटकतं. फाँट म्हणून मी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता वापरतो, मोफत आहे, छापलं तरी स्वच्छ दिसतो. वर्डमध्ये मंगल किंवा निर्मला फाँटमध्ये केलेली फाइल उघडली की मिंटमध्ये ते फाँट नसल्याने दुसरा फाँट लागतो आणि ओळी पुढेमागे सरकतात, एका पानाचं पत्र सव्वा पानाचं होतं. मजकूर जात नाही, फक्त मांडणी हलते, तेव्हा समोरच्याला पाठवताना पीडीएफच पाठवा.

जुन्या फाँटचं मात्र वेगळं आहे. शिवाजी, किरण असल्या युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या जुन्या फाइली असतील तर त्या फाँटची फाइल मिंटमध्ये टाकली की मजकूर दिसतो, छापताही येतो. पण श्री-लिपीसारखं विंडोजवरचं पूर्ण सॉफ्टवेअर, त्याचा डोंगल (लायसन्ससाठी लावायचा यूएसबीचा तुकडा), पेजमेकरमध्ये लावलेले अंक, हे सगळं इथे येणार नाही. डीटीपीचं काम करणाऱ्यांनी, दिवाळी अंक किंवा लग्नपत्रिका लावणाऱ्यांनी मिंटवर यायचा विचार आत्ता करू नये, निदान जुनं सगळं युनिकोडमध्ये आणेपर्यंत तरी नको.

गेमिंगचं थोडक्यात. भाची मिंटमध्ये माइनक्राफ्ट जावा आणि स्टारड्यू व्हॅली खेळते, दोन्ही सुरळीत. स्टीमवरचे विंडोजसाठी बनवलेले बरेच गेम प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे चालतात, हे स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये आणलं आणि त्यानंतर लिनक्सवरचं गेमिंग खरोखर बदललं, आपला गेम चालतो का ते प्रोटॉनडीबी या साइटवर आधी बघून घ्यायचं. पण व्हॅलोरंट चालत नाही, त्याचं व्हॅनगार्ड हे चीट पकडणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर येत नाही, जीटीए ऑनलाइनही २०२४ मध्ये बॅटलआय हे तसलंच सॉफ्टवेअर आल्यापासून लिनक्सवर बंद झालं. घरातला मुलगा मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळत असेल तर त्याचं विंडोज काढू नका, घरात भांडण होईल आणि त्याचं बरोबर असेल.

प्रिंटरबद्दल सावध करतो. नवीन वायफायवाले प्रिंटर बहुतेक वेळा आपोआप सापडतात, एचपीचे बरेच मॉडेल सरळ चालतात, जुन्या लेझरजेट १०२० ला एक जादा प्लगइन डाउनलोड करावं लागतं तेवढंच. पण आपल्याकडे दुकानांत, सीएंच्या ऑफिसांत, घराघरांत जो कॅनन एलबीपी २९०० दिसतो तो लिनक्सवर कटकटीचा आहे, ड्रायव्हर आहे पण जुना, बसवायची पद्धत किचकट आणि प्रत्येक मशीनवर चालेलच असं नाही. तो प्रिंटर घरात असेल तर पेनड्राइव्हवरूनच आधी छापून बघा, नाही जमलं तर एक विंडोजचं मशीन प्रिंटरसाठी राहू द्या.

व्यवसायाचं म्हणाल तर टॅली विंडोजवरच चालतं, मिंटवर कसरती करून चालवायच्या भानगडीत पडू नका, हिशोबाच्या डेटाशी प्रयोग नको. जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये उघडतं, प्रोप्रायटरशिप असेल आणि ओटीपीने रिटर्न भरत असाल तर काही अडत नाही, पण कंपनी किंवा एलएलपी असेल आणि डिजिटल सिग्नेचरचा टोकन लावून सही करायची असेल तर विंडोज ठेवा. एमएस-सीआयटी करणाऱ्या मुलांनाही विंडोज आणि एमएस ऑफिस हाताखाली असलेलं बरं, परीक्षेत तेच समोर येणार आहे.

बारीक तक्रारी दोन. एक, झाकण बंद करून ठेवल्यावर बॅटरी विंडोजपेक्षा थोडी जास्त उतरते असं भाचीच्या मशीनवर दिसतं, वडिलांच्या मशीनवर नाही, म्हणजे हे मॉडेलवर असावं. दुसरी, मिंटचा मेनू मराठीत करता येतो पण अर्धी वाक्यं मराठी अर्धी इंग्रजी असं दिसतं, त्यामुळे वडिलांनी तो इंग्रजीच ठेवलाय. ही भाषांतरं स्वयंसेवक लाँचपॅड नावाच्या साइटवर करतात, तिथे खातं काढून कुणालाही वाक्यं भरता येतात, आणि मराठी चांगलं असणाऱ्या चार-सहा जणांनी सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं मनावर घेतलं तर फाइल मॅनेजर आणि अपडेट मॅनेजर पूर्ण मराठीत येणं अवघड नाही. मी अपडेट मॅनेजरपासून सुरुवात केलीय.