पत्र्याचे दरवाजे आणि कधी न लागलेला एपॉक्सी प्रायमर

घरातल्या पत्रा चढवलेल्या दरवाजांना रंग द्यायचा विचार असेल तर हे वाचा, कारण आमच्याकडे चोरी रंगात नाही झाली, प्रायमरमध्ये (रंगाखालचा अस्तराचा हात) झाली, आणि वरून इनॅमल, म्हणजे चकचकीत ऑइल रंग, बसला की खाली काय मारलंय ते कुणाच्या बापाला कळत नाही.

आमचे दरवाजे जीआय पत्र्याचे, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. कॉन्ट्रॅक्टर स्वतःच म्हणाला, ताई यावर साधा प्रायमर धरत नाही, टू-पॅक एपॉक्सी (बेस आणि हार्डनर वेगळे येतात, मारायच्या वेळी कालवायचे) मारावा लागेल, महाग पडतो पण मग बघायला नको. आता गंमत अशी की हे शंभर टक्के खरं आहे. जस्तावर थेट ऑइलबेस रंग किंवा साधा ऑइलबेस प्रायमर बसला की त्यातलं तेल आणि जस्त यांची रिअ‍ॅक्शन होते, मधे साबणासारखा थर तयार होतो आणि काही महिन्यांनी रंग सालपटासारखा सुटतो. म्हणजे माणसाला सगळं माहीत होतं. कोटेशनमध्ये "एपॉक्सी प्रायमर दोन हात" लिहून दिलं, त्याचे पैसे आधी घेतले, डबे आणून पॅसेजमध्ये मांडले, मी फोटो काढला, विषय संपला असं वाटलं.

काम संपलं तेव्हा दरवाजे एकदम झकास दिसत होते. मग हळूहळू हँडलच्या बाजूला फुगे आले, आणि एक दिवस मुलीने दारावर सेलोटेपने चिकटवलेला कागद काढला तर टेपबरोबर तळहाताएवढा रंग आला, खाली चकचकीत पत्रा. प्रायमर पण रंगाला चिकटून आलेला, पांढराशुभ्र, पत्र्यावर नावालाही नाही.

कॉन्ट्रॅक्टरला फोटो पाठवले तर म्हणे हवा दमट आहे, मग म्हणे पत्राच हलका आहे, मग म्हणे तुम्ही ओल्या फडक्याने पुसता ना! (दार पुसायचं नाही तर काय करायचं?)

ओळखीतल्या एका जुन्या पेंटरला दाखवलं, त्याने एकच प्रश्न विचारला, प्रायमर कालवलेला उरला तेव्हा त्यांनी काय केलं? मी म्हटलं झाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा टर्पेंटाइन घालून तोच पुढे मारला. तो हसायलाच लागला. टू-पॅकमध्ये बेसमध्ये हार्डनर कालवला की काही तासांतच घट्ट व्हायला लागतो, रात्रभर ठेवला तर डब्यात दगड होतो, ब्रश पण त्यातच अडकतो. सकाळी जो पातळ होतो तो एपॉक्सी नाहीच, तो लाकडाचा साधा पांढरा प्रायमर. पॅसेजमधले डबे आले तसे सीलबंद परत गेले असणार, नाहीतर रिकामा डबा एकतरी दिसला असता. हे मी कॉन्ट्रॅक्टरला विचारलं आणि त्यानंतर फोन उचलणं बंद.

म्हणून सांगते, डबे बघून काही होत नाही, डबा आणि हार्डनर दोन्ही तुमच्यासमोर फोडून कालवायला सांगा, रिकामे डबे घरीच ठेवून घ्या. त्याआधी हँडल, कडी काढली का बघा, पत्रा थिनरने पुसून तेलकटपणा घालवला का, बारीक पॉलिश पेपर फिरवला का, तोही हलक्या हाताने, जस्त खरवडून लोखंड उघडं पडेल असा नाही. आणि प्रायमर नीट सुकला, एखाद दिवस गेला, की रंग चढवायच्या आधी एका कोपऱ्यात थिनरमध्ये बुडवलेलं फडकं घासून बघा. कालवलेला एपॉक्सी जागचा फारसा हलत नाही, साधा प्रायमर चिकट होऊन फडक्यावर येतो. कुणी रेड ऑक्साइड सुचवला तर तो उघड्या लोखंडासाठी असतो, जस्तावर नको.

आमचं आता सगळं खरवडून परत चाललंय. खरवडायची मजुरीच मूळ रंगापेक्षा जास्त लागतीये. नव्या पेंटरला इनॅमलचे पैसे फडक्याची टेस्ट झाल्यावर द्यायचं ठरलंय, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.