गळतीची नोंद: वही की हँडहेल्ड?

टेक्सासमध्ये रिफायनरीतल्या गळत्या तपासणारा भाचा विचारत होता, "मामा, वही बरी की हँडहेल्ड?"

हँडहेल्ड म्हणजे नोंदी टिपायचं हातात मावणारं छोटं यंत्र. अमेरिकेचा नियम दोन्हींना सारखाच. नोव्हेंबर 2006 नंतर बांधलेल्या युनिटमध्ये दर तपासणीला कोणत्या यंत्राने मोजलं, तपासणारा, तपासलेला भाग, तारीख आणि रीडिंग लिहायचं. व्हॉल्व्हवर 500 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 500 भाग वायू) किंवा जास्त आलं की ती गळती. लगेच नंबराचा टॅग लटकवायचा, 5 दिवसांत पहिला प्रयत्न, 15 दिवसांत दुरुस्ती. नाही जमली तर 'दुरुस्ती लांबली' आणि कारण. गळतीची ही नोंद 2 वर्षं जपायची.

खर्चात वही जिंकते. स्फोटक वायूच्या भागात साधा मोबाइल चालत नाही, तिथला हँडहेल्ड महागच.

मेहनतीत मात्र वही मार खाते. सहामाही अहवालात युनिटवार, महिनावार किती व्हॉल्व्ह गळले, किती दुरुस्तीविना राहिले हे द्यावं लागतं. तेलकट बोटांनी लिहिलेला 3 की 8, यावर अर्धी दुपार जाते. शिवाय हँडहेल्ड वेळही टिपतो. शिडीवरचे दोन व्हॉल्व्ह चार सेकंदांत 'तपासले' तर लबाडी उघडी!

शे-दोनशे व्हॉल्व्हचं छोटं युनिट असेल तर वही पुरे. हजारोंचा पसारा असेल तर हँडहेल्डच घे, खिशात पेन्सिल राहू दे.