धमकीच्या तक्रारीसाठी सायबर पोर्टल: काय मिळतं, कुठे अडतं

व्हॉट्सॲपवर धमकी आली की घाबरून चॅट पुसून टाकलं जातं, आणि तक्रारीचा कणाच जातो. गृह मंत्रालयाचं राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल (२०१९ पासून सुरू) खरं उपयोगी पडतं ते चॅट जपून ठेवणाऱ्याला. मोबाइलवरच्या ओटीपीने नोंदणी होते आणि रात्री-अपरात्रीही घरबसल्या तक्रार देता येते. १९३० ही हेल्पलाइन मात्र पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. आणि धमकी देणारा दारात उभा असेल तर पोर्टल उघडत बसू नका, ११२ लावा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो घटनेच्या वर्णनाच्या चौकटीला. तिथे किमान २०० अक्षरं लागतात, विशेष चिन्हं चालत नाहीत. 'मला धमकी दिली' एवढ्याने काही होत नाही. तारीख, वेळ, नंबर आणि धमकीचे शब्द जसेच्या तसे लिहा, शिवीसकट. कारण कलम शब्दांवरून ठरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ प्रमाणे साध्या धमकीला २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जीवे मारण्याच्या, गंभीर दुखापतीच्या किंवा आग लावून मालमत्ता जाळण्याच्या धमकीला ७ वर्षांपर्यंत. नाव लपवून धमकावलं तर वर आणखी २ वर्षांपर्यंत. नुसतं 'तुला बघून घेतो' टिकणं कठीण. घाबरवण्याचा किंवा काही करायला भाग पाडण्याचा हेतू दिसावा लागतो. बंगळूर वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावरच्या टीकेवरून दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केला, त्यात हाही मुद्दा होता. म्हणून 'केस मागे घे, नाहीतर...' यातलं 'केस मागे घे' गाळू नका.

पुराव्याचं म्हणाल तर सेव्ह केलेल्या नंबरच्या स्क्रीनशॉटवर फक्त नाव दिसतं. प्रोफाइल उघडून नंबर दिसेल असा दुसरा स्क्रीनशॉट घ्या, मग चॅट एक्स्पोर्ट करा. संदेश आपोआप गायब होण्याची सोय चालू असेल तर हे आधी उरका. फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र जोडताना मूळ हँडसेट हाताशी असलेला बरा.

पोर्टलची सगळ्यात मोठी उणीव म्हणजे पावती क्रमांक मिळाला की गुन्हा दाखल झाला असा समज होतो. तसं नसतं. तक्रार पुढे राज्याच्या पोलिसांकडे जाते, आणि नुसती धमकी अदखलपात्र असल्याने ठाण्यात बहुतेकदा एनसीच (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) होते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. पोर्टलवर हे ठळक लिहायला हवं होतं. माणूस महिनाभर पावती क्रमांकाकडे डोळे लावून बसतो.

धमकीसोबत पैसे मागितले असतील तर गोष्ट वेगळी. ती खंडणी, न्याय संहितेचं कलम ३०८. पैसे दिले नसले तरी खंडणीसाठी घाबरवणं हाच दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस आदेशाशिवाय तपास करू शकतात, आणि एक गुन्हा दखलपात्र असला की सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. तेव्हा मागितलेली रक्कम आणि यूपीआय आयडी वर्णनाच्या पहिल्याच ओळीत घाला. पावतीची प्रिंट आणि फोन घेऊन पोलीस ठाण्यात जा, एनसी झाली तरी तिची प्रत मागून घ्या.

निनावी तक्रारीची सोय फक्त महिला व बालकांविषयीच्या काही गुन्ह्यांना आहे. बाकी धमक्यांसाठी स्वतःचं नाव द्यावंच लागतं.