सारसबागेत भेटणाऱ्या 'हार्टवाल्या' माणसापासून सावध रहा

पुण्यात सकाळी फिरायला जाणारे तुमचे आईबाबा, सासूसासरे असतील तर हे त्यांना वाचून दाखवा, त्यातून ज्यांची अँजिओप्लास्टी झालीये त्यांना तर नक्कीच. माझ्या बाबांना 20,700 रुपयांना चुना लावला, आणि बाबा म्हणजे आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला, भाजीवाल्याकडचे सुटे पैसे सुद्धा मोजून घेणारा माणूस, त्यामुळे 'आमचे नाही फसणार' असं कुणी म्हणू नका.

सारसबागेत बाकावर बसले होते तेव्हा पन्नाशीचा एकजण शेजारी येऊन बसला. ट्रॅकसूट, हातात पाण्याची बाटली, बोलणं एकदम घरगुती. "काका, धाप लागते का हो? माझ्या वडिलांना अस्संच व्हायचं, दोन ब्लॉकेज होते, आता पर्वती चढतात." बास. नंबर मागितला नाही, काही विकलं नाही. मग रोज नमस्कार सुरू, आणि एक दिवस कागदावर नावं लिहून दिली: अर्जुनसाल, पुष्करमूळ, ब्राह्मी, मोती पिष्टी (म्हणजे मोत्याची खलून केलेली बारीक पूड). म्हणाला, कुठूनही घ्या, फक्त साल खरी बघून घ्या, मला माझ्या वडिलांचं आणायचंच आहे, येताय तर चला. त्या 'कुठूनही घ्या'नेच बाबांचा संशय गेला.

लक्ष्मी रोडच्या मागे एका बोळात दुकान. धन्वंतरीचा फोटो, काचेच्या बरण्या, मागे कुटायचं मशीन, आणि भिंतीवर 'बिना ऑपरेशन हार्ट ब्लॉकेज साफ' असा फ्लेक्स. भाव विचारल्यावर दुकानदार नुसता आकडा बोलतो. पिष्टी साठ. बाबांनी परत विचारलं, "साठ ना?" तर "हो काका, साठच, तुम्हाला म्हणून." बाबांना वाटलं पुडीचे साठ. त्याने 300 ग्रॅम काट्यावर टाकली, सालीबरोबर मशीनमध्ये ओतली, घर्रर्र करून सगळं एकजीव केलं आणि मग हिशोब मांडला, साठ रुपये एका ग्रॅमला, म्हणजे नुसत्या पिष्टीचेच 18,000, वर बाकीचे 2,700. बाबा नको म्हणाले तर "आता कुटून झालं काका, हे मी कुणाला विकू?" आणि तो ट्रॅकसूटवाला शेजारून, "तब्येतीपुढे पैसा काय हो." पैसे क्यूआर कोडवर गेले, नाव भलत्याच माणसाचं, बिल म्हणून पॅडच्या चिठोऱ्यावर आकडे.

खरी मेख इथे आहे की यादी खोटी नव्हतीच. अर्जुनसाल दुधात उकळून हृदयरोगात द्यायची हे चक्रदत्तात, म्हणजे अकराव्या शतकातल्या ग्रंथात आहे, एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, नुसतं दूध उरेपर्यंत आटवायचं. आणि ही साल काही सोन्याच्या भावाची नाही, साध्या काष्ठौषधीच्या दुकानात स्वस्तात मिळते. म्हणून तर महाग काहीतरी त्यात मिसळावं लागतं ना. आमच्या ओळखीच्या वैद्यबाईंनी ते पाहिलं तर पहिलं हेच म्हणाल्या की मोती पिष्टीचा डोस 125 ते 250 मिलीग्रॅम असतो, 300 ग्रॅम म्हणजे दिवसातून दोनदा पूर्ण डोस घेतला तरी सहाशे दिवस पुरेल, कोण देतं एवढी? आणि मोत्याची असेल तर साठ रुपयात ग्रॅमभर येत नाही, ही शिंपल्याची पूड असणार. दुकानदाराने वास घ्यायला म्हणून दिलेला सालीचा एक तुकडा बाबांच्या खिशात राहिला होता, तो काळपट, वरून मगरीच्या पाठीसारखा चिरा पडलेला. अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत, राखाडी पांढरट असते आणि आतून लालसर गुलाबी. तो ऐनाचा तुकडा निघाला, अर्जुनाचाच भाऊबंद, पण अर्जुन नव्हे.

हे सगळं पैशांचं झालं, ते एकवेळ सोडा. पुडीवर लिहून दिलं होतं, 'इंग्लिश गोळ्या पंधरा दिवसांनी बंद'. बाबांच्या स्टेंटला, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीला, अजून वर्ष पण झालेलं नाही, रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्या मधेच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन तिथल्या तिथे अटॅक येऊ शकतो. आईने पुडी वाचली म्हणून वाचलो. वनस्पतीला साईड इफेक्ट नसतो म्हणे! डिगॉक्सिन ही हार्टची गोळी डिजिटॅलिस नावाच्या वनस्पतीपासूनच काढतात, 1785 साली विदरिंग नावाच्या इंग्लिश डॉक्टरने त्या डिजिटॅलिसवर लिहून ठेवलंय, आणि आज ती गोळी पाव मिलीग्रॅमची असते कारण डोस जरासा वाढला की ठोकेच बिघडतात. आपल्या सोसायटीच्या कंपाउंडला लावलेली पिवळी बिट्टी त्याच जातीचं काम करते, तिच्या बियांनी माणसं मेलीयेत. मग अनोळखी माणसाने कुटून दिलेल्या डबाभर पावडरीत काय काय आहे ते कोण बघणार?

आम्ही काय केलं ते सांगते. मी आणि माझा मामेभाऊ दुकानात गेलो. आधी अरेरावी, 'माल परत नाही'. मग भावाने शांतपणे फ्लेक्सचा फोटो काढला आणि सांगितलं की हृदयरोग बरा करतो अशी जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तयार आयुर्वेदिक औषध विकता तर लेबलवर लायसन्स नंबर, बॅच नंबर कुठाय? दुकानदाराचा आवाज लगेच खाली आला, आठ हजार रोख हातात ठेवले आणि बाकीचे 'मालक आल्यावर'. मालक अर्थातच आला नाही. पोलीस चौकीत अर्ज दिलाय, अन्न व औषध प्रशासनाकडे फोटो आणि क्यूआरचा स्क्रीनशॉट जोडून तक्रार केलीये, ग्राहक हेल्पलाईन 1915 वर पण नोंद केली. पावडर टाकून दिलेली नाही, सीलबंद ठेवलीये, तपासायला मागतील म्हणून, तुम्ही पण टाकू नका.

परवा बोळात गेले तर फ्लेक्स काढलेला आणि दुकानाला नवीन नाव, आत माणूस तोच. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत अजून कुणाला असा ट्रॅकसूटवाला भेटला असेल, वडिलांची पर्वतीची गोष्ट सांगणारा, तर चौकीत स्वतःचा वेगळा अर्ज द्या, एकाच माणसावर चार तक्रारी गेल्या तर काहीतरी हलेल.