इमोबिलायझरवाली गाडी खान्देशच्या उन्हात: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत सेकंड हँड पेट्रोल हॅचबॅक घेतली. गाडीत कंपनीचा इमोबिलायझर आहे, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा, शिवाय आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेला सायरनवाला अलार्मही. अमळनेरला आमचं कृषी केंद्र आहे, त्यामुळे धुळं, चोपडा, पारोळा हे फिरणं नेहमीचं. आता मृगही लागून गेला. एवढ्या काळात इंजिनाने काहीच त्रास दिला नाही. गाडी जेव्हा अडली, तेव्हा संशय चोरीविरोधी यंत्रणेवरच गेला. तरी ही यंत्रणा काढून टाकावी असं मला वाटत नाही. 'बायपास करून देतो', म्हणजे यंत्रणा वगळून गाडी चालू करून देतो, म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्या हाती गाडी देण्याआधी हे वाचा.

चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक बारीकशी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. चावी ऑन केली की त्यातून लहरी निघतात, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या, आणि त्याच ऊर्जेवर चिप आपला कोड सांगते. कोड जुळला तरच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, इंजिन चालू होऊ देतो. नाही जुळला तर काही गाड्यांत स्टार्टर फिरतच नाही, काहींत फिरतो पण इंजिन धरत नाही, तर काहींत इंजिन चालू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं. धक्का मारून अशी गाडी चालू होत नाही, उगाच चार माणसांना घाम फोडू नये. रिमोटचा सेल संपला तरी चिप चालते. बटन-स्टार्टवाल्या गाडीत मात्र सेल गेला की गाडीला चावी सापडत नाही. तिथे बऱ्याच मॉडेलांत चावी थेट बटनाला टेकवून स्टार्ट करता येतं.

डॅशबोर्डवर गाडी आणि कुलूप किंवा चावी असं चित्र असलेला दिवा असतो, तो आधी बघायचा. माझ्या गाडीत ऑन केल्यावर तो काही क्षण लागून विझला, तर चावी ओळखली गेली. लुकलुकत राहिला, तर नाही. प्रत्येक कंपनीची खूण थोडी वेगळी असते, म्हणून गाडीसोबतचं पुस्तक डिकीत ठेवलेलं बरं.

एका मंगळवारी मंगळग्रह मंदिराच्या पार्किंगमध्ये असंच झालं. इंजिन चालू झालं, लगेच गप्प, आणि दिवा लुकलुकतोय. शेजारी गाडी लावणारे एक आबा माझ्या हातातल्या जुडग्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, गाडी चावीले वयखी नही राह्यनी. बाकीन्या चाव्या काढा पहिले." जुडग्यात मोठ्या भावाच्या गाडीची चावी होती, तिच्यातही चिप. दोन चिपा एकाच वेटोळ्याजवळ आल्या की कोड नीट वाचला जात नाही. चावी सुटी केली, गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली. त्या दिवसापासून गाडीची चावी एकटी असते, तिला पितळी लॉकेटसुद्धा नाही.

मे महिन्यातली अडचण वेगळी होती. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि गाडी दुकानासमोर उन्हात उभी. चावी फिरवली की नुसता 'टक' आवाज, डॅशबोर्डचे दिवे मंद, आणि इमोबिलायझरचा दिवाही लुकलुकतोय. बघणाऱ्याला वाटतं चावीच गेली. खरं तर व्होल्टेज पडलं की कोड वाचणारी यंत्रणाच नीट चालत नाही. मीटर लावून बघावं: बंद गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली तर रिकामीच समजा. स्टार्टर मारताना आकडा ९.६ च्या खाली जायला नको. उन्हाने बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. उन्हाळ्यात खंगलेली ही बॅटरी मग हिवाळ्यात, धुळ्यात पारा १० च्या खाली गेलेल्या सकाळी, हमखास दगा देते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर आधी निगेटिव्ह वायर सोडवून गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवायचं. माझी बॅटरी मात्र बदलावीच लागली.

सगळ्यात जास्त छळलं ते बाहेरून बसवलेल्या अलार्मने. धुळ्याच्या रस्त्याला चहासाठी थांबलो आणि गाडी परत चालू होईना. कंपनीचा दिवा बरोबर विझतोय, स्टार्टर जोरात फिरतोय, पण इंजिन धरत नाही. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची दोनेक सेकंद घरघर ऐकू येते, ती येत नव्हती. टो करून एका वर्कशॉपमध्ये नेली, तर तिथे काही न तपासताच ईसीयू बदलायला सांगितलं. मी गाडी उचलली आणि धुळ्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी पंपाच्या वायरचा माग काढत स्टीअरिंगखालचं कव्हर उघडलं. आत अलार्मचा कट-ऑफ रिले, म्हणजे पंपाची वीज तोडणारा स्विच, पंपाच्या वायरमध्ये जोडलेला. जोड नुसता पिळून वर काळी टेप गुंडाळलेली, उन्हाने टेपचा गोंद वितळून बोटाला चिकटत होता, आतली तार हिरवी पडलेली. गाडी खड्ड्यात आदळली की तो जोड सुटायचा. त्यांनी तार कापून सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली, रिलेला वेगळा फ्यूज दिला. त्यानंतर मे-जूनच्या उन्हातही त्या जोडापायी गाडी एकदाही अडली नाही.

माझं मत असं की गाडीत कंपनीचा इमोबिलायझर असेल तर बाहेरून इंजिन बंद करणारा दुसरा रिले बसवू नये. सायरन हवा तर नुसता सायरन. आणि एक, चावी फिरतच नसेल तर बऱ्याचदा नुसतं स्टीअरिंग लॉक झालेलं असतं. स्टीअरिंग हलकं डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवली की सुटतं.

दुसरी चावी घरी ठेवाच. गाडी अडली की तिने करून बघायचं. तिने चालू झाली तर दोष पहिल्या चावीत. रस्त्यावर कापून घेतलेली साधी डुप्लिकेट दार उघडते, गाडी चालू करत नाही, कारण तिचा कोड गाडीत भरावा लागतो. कोड भरून घ्यायला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या, काही गाड्यांत त्या वेळी हजर नसलेली चावी बाद होते. चोरीच्या क्लेमच्या वेळी विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. आमची दुसरी चावी आता आईच्या कपाटात आहे, आणि चावीसोबत आलेली नंबराची पट्टी आरसीच्या फाईलमध्ये.