उभा छेद की उलटा ‘टी’? स्तन लहान करण्याआधी

उभ्या छेदात व्रण स्तनाग्राभोवती फिरून सरळ खाली येतो. उलट्या ‘टी’त स्तनाखालच्या घडीतली आडवी रेघही त्याला जोडली जाते.

आकार मध्यम आणि ओघळ बेताची असेल, तर उभा छेद पुरतो. सुरुवातीला खालच्या टोकाला चुण्या दिसतात. बहुतेक काही महिन्यांत बसतात, उरल्याच तर किरकोळ दुरुस्ती.

स्तन फार जड आणि त्वचा खूप सैल असेल, तर उलटा ‘टी’ बरा. आकार ऑपरेशनच्या टेबलावरच बराचसा ठरतो. मात्र उभी आणि आडवी रेघ मिळते तिथे ताण जास्त, रक्तपुरवठा कमी. जखम उघडते ती बहुधा तिथेच. म्हणून सिगारेट, गुटखा, तंबाखूची मिसरी निदान 4 आठवडे आधी बंद, आणि जखम भरेपर्यंत बंदच. ‘घरात लावतात थोडी’ म्हणून मिसरी लपवू नका, भुलतज्ज्ञालाही सांगा. इंदूरच्या मे महिन्यात पारा 40च्या वर जातो, घडीत घाम साचतो. ‘टी’साठी दिवाळीनंतरची तारीख सोयीची.

बाकी दोन्हीकडे सारखंच: स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे अंगावर पाजणं अवघड जाऊ शकतं. चाळिशी उलटली असेल तर आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून थांबवू नका, विचारा. नंतर 4 ते 6 आठवडे आधार देणारी ब्रा. तोवर पाण्याची बादली उचलणं, मूल कडेवर घेणं नाही; इंदूरच्या राजवाडा भागातल्या गर्दीत स्कूटर तर नकोच. काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवणार ना, हे आधीच विचारून घ्या.